पहिला कट वस्तादांचा

"आणि भोकं कुठं पाडणार म्हणतोस?" वस्तादांनी विचारलं.

"मागच्या अंगाला, वस्ताद. दिसणारसुद्धा नाहीत. दोन इथं, दोन तिथं. बारीक."

"बारीक भोक म्हंजे भोक न्हवं काय?"

जयकुमार चौगुले हसला. हसायला पाहिजे म्हणून हसला.

हसन शिकलगारांना अख्खं उद्यमनगर वस्ताद म्हणतं. लेथवर लोखंड कसं कातावं हे निम्म्या गल्लीला त्यांनीच शिकवलं. जयकुमार त्यांचाच चेला. पण आता त्याचा स्वतःचा कारखाना होता, दारात गाडी होती आणि बोलण्यात ऐट होती. वस्तादांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना मात्र तो अजूनही चपला बाहेर काढायचा. लोखंडाचा कीस पायाला टोचला तरी.

येताना त्यानं एक खोकं आणलं होतं. खोक्यात डिजिटल रीडआउट होता. कारखान्यात त्याला डीआरओ म्हणतात. जुन्या लेथला एक मापपट्टी बसवायची, पट्टीवरून सरकणारं एक डोकं बसवायचं आणि वर आकड्यांची पेटी. लोखंड कातणारं टूल जेवढं सरकेल तेवढा आकडा पेटीवर लाल रंगात उमटतो. हँडलच्या डायलवरच्या बारीक रेघा डोळे ताणून मोजायला नकोत.

समोर वस्तादांचा लेथ उभा होता. अंगावर गोणपाट. मोटरचा पट्टा काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला.

"सोमवारी टेम्पो येणार हाय," वस्ताद म्हणाले. "भंगारवाल्याला शब्द दिलाय. जे भंगारात चाललंय त्याला कशापायी भोकं पाडतोस?"

"म्हणून तर आलोय. विकू नका. हे मी बसवून देतो, फुकट. गुरुदक्षिणा समजा."

"आत्ताच कशी काय आठवली?"

...

जयकुमार खोक्याची चिकटपट्टी सोडवत बसला. पट्टी निघाली होती, तरी सोडवत बसला.

झालं होतं ते दसऱ्याला.

वस्तादांच्या चेल्यांत एक रीत आहे. कुणी नवं मशीन घेतलं किंवा जुन्याला काही नवं जोडलं, की नारळ फोडायचा आणि पहिला कट वस्तादांनी घ्यायचा. त्याआधी त्या मशीनवर चेला लोखंड कातत नाही. चेला कितीही मोठा झाला तरी ही रीत मोडत नाही. जयकुमारनं आपल्या जुन्या लेथला असाच एक डीआरओ बसवला, गल्लीतला पहिला, आणि दसऱ्याला वस्तादांना बोलावलं. पेढे होते, झेंडूच्या माळा होत्या, त्याच्या कारखान्यातली पोरं मोबाइल उगारून उभी होती. पंपाचे कारखानदार मगदूम आले होते, कारण कातायचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, त्यांच्या पंपाचा होता. तो शेजारच्या लेथवर जवळजवळ मापाला आणून ठेवला होता. जाडीतला शेवटचा अर्धा मिलिमीटर तेवढा वस्तादांसाठी राखला होता.

लेथवर फिरतं लोखंड दोन्ही अंगांनी कातलं जातं. टूल जेवढं आत जाईल त्याच्या दुप्पट जाडी उतरते. म्हणून जुना कारागीर मनातल्या मनात निम्मं करून हँडल फिरवतो. जयकुमारनं त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "वस्ताद, आता निम्मं करायचं नाही. जाडीतून जेवढं गेलं तेवढंच पेटी दाखवते. अर्धा दिसला की थांबायचं."

वस्ताद अर्ध्यावर थांबले. कट घेतला.

मगदूमांनी बेअरिंग शाफ्टवर चढवलं. ते घट्ट बसायला हवं होतं. ते खुळखुळलं. शाफ्ट नको तेवढा बारीक झाला होता, आणि उतरलेलं लोखंड परत चढवता येत नाही.

मगदूम हसले. "वस्ताद, पेढा तरी नीट धरा हातात," म्हणाले. मग बाकीचेही हसले.

वस्तादांनी हात पुसले. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले आणि चालत घरी आले. त्याच दुपारी त्यांनी लेथचा पट्टा उतरवला.

"आधी मला दाखव," वस्ताद आता म्हणाले. "हे चालतं कसं ते."

"बसवल्यावर दाखवतो की."

"न्हाई, आत्ता. त्या दिवशी मी काय चुकलो ते मला उमगंना झालंय. रातीला पडल्यापडल्या सगळं परत करून बघतो. तू सांगितलास तसंच केलतं की. मग चुकलं कुठं? तू शिकलास ह्यातलं. मला शिकीव."

जयकुमारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्यांनी आपल्याला टूल धरायला शिकवलं, ते आपल्यासमोर स्टुलावर बसून शिकीव म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानं मापपट्टी टेबलावर ठेवली. पेटीची वायर बोर्डात घातली. लाल आकडे उजळले. पट्टीवरचं डोकं त्यानं बोटानं सरकवलं, आकडे पळाले.

"हे बटण?"

"शून्य करायचं."

"हे?"

"मिलिमीटर हवं की इंच, ते ठरवायचं."

"हे?"

"आधीचं माप राखून ठेवायचं."

वस्तादांचं बोट सावकाश पुढं सरकलं.

"आणि हे?"

"ते... ते काही नाही. असंच आहे."

"असंच कोण बटण बसवतंय रं?"

तेवढ्यात घरातून चाची, वस्तादांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. कप टेबलावर ठेवताना जयकुमारला म्हणाल्या, "बरं झालं आलास, जया. दसऱ्यापासनं शेडात पाऊल टाकलं न्हवतं ह्यांनी. तू आलास म्हणून उठले."

आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या.

एवढ्याची काही गरज नव्हती. जयकुमारला तो हात सोसला नाही.

त्यानं डोकं पट्टीवर थोडं सरकवलं. पेटीवर अर्धा मिलिमीटर आला. तिथं बोट काढून घेतलं. मग ते राहिलेलं बटण दाबलं.

अर्ध्याचा एक झाला.

पट्टी हलली नव्हती. डोकं हललं नव्हतं.

"बघू," वस्ताद म्हणाले. त्यांनी स्वतः दाबलं. अर्धा. पुन्हा दाबलं. एक. पुन्हा. अर्धा.

"टूल किती सरकलं, ते एकात दिसतं," जयकुमार पेटीकडं बघत बोलला. "जाडी किती उतरली, ते दुसऱ्यात. बसवणाऱ्यानं ठरवायचं कुठलं दाखवायचं."

"आणि त्या दिवशी?"

"टूलवर राहिलं होतं... मी बसवताना डायलच्या रेघांशी ताडून बघत होतो. त्यासाठी तसं केलं होतं. परत बदलायचं राहिलं. आणि तुम्हाला सांगितलं, जाडी दाखवतंय म्हणून."

"म्हंजे मी अर्धा बघितला तवा..."

"टूल अर्धा आत गेलं होतं. जाडी एक उतरली. माझ्यामुळं, वस्ताद."

...

शेजारच्या कारखान्यात कुणीतरी लोखंड घासत होतं.

आता वस्ताद रागावतील, असं जयकुमारला वाटलं. तशी त्यानं मान खाली घालून तयारीही ठेवली होती.

"तुला कधी कळलं?" वस्तादांनी विचारलं.

हा प्रश्न येऊ नये म्हणून तो गुरुदक्षिणेचं खोकं घेऊन आला होता.

"त्याच संध्याकाळी."

"हं."

"सगळे गेल्यावर पेटी बघितली. बटण दाबलं, जाडीवर आणून ठेवलं, आणि शटर ओढून घरी गेलो."

"मधी दिवाळी झाली की रं."

"झाली."

"फराळ घेऊन आलतास. इथंच बसून माझ्याबरोबर चिवडा खाल्लास."

"हो."

"तवा म्हाईत हुतं?"

"...होतं."

वस्तादांनी मान डोलवली. नुसती डोलवली, जसं काही कुणी आजचा वार सांगितला.

"अजून आहे," जयकुमार म्हणाला. एकदा तोंड उघडलं की ते मधेच मिटता येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. "मगदूमांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, वस्तादांना झालं तरी काय? मी म्हणालो... वय झालं त्यांचं."

"मग? झालंच की."

"तसं नव्हे, वस्ताद. मला माहीत असून म्हणालो. आणि तिथंच थांबलो नाही. नंतर मी बऱ्याच जणांच्या लेथला हे बसवलं. कुणी नको म्हणालं की सांगायचो, खुद्द वस्तादांचा हात चुकला, तुमची काय कथा? मग लगेच घेतात."

"धंदा बरा चाललाय म्हंजे."

जयकुमारला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण उद्यमनगरातली जमीन सिमेंटची. तो स्टुलावरून उतरला आणि वस्तादांच्या पायांवर वाकला.

वस्तादांनी पाय मागं घेतले.

"च्या पी. निवला."

"शिव्या द्या, वस्ताद. एक थोबाडीत मारा."

"त्यानं तुला बरं वाटंल. मला काय?"

तो तसाच जमिनीवर बसून राहिला. मग खिशातून फोन काढला. वस्तादांनी सांगितलं नव्हतं. पण आता उठून घरी गेलो तर आपण उद्या फोन करणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल चांगलं माहीत होतं. महिनाभराचा अनुभव होता.

मगदूमांनी फोन उचलला. शेडमध्ये इतकी शांतता होती की पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"मगदूमसाहेब, दसऱ्याचा तुमचा शाफ्ट... तो वस्तादांनी घालवला नाही. मी घालवला. पेटीचं बटण माझ्याकडून चुकीचं राहिलं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

"आँ? काय म्हणताय?"

त्याला परत सगळं सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं असेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"अहो चौगुले, मग मी उगंच हसलो की हो त्या माणसाला," मगदूम म्हणाले. मग जरा थांबून, आवाज उतरवून, "कुठं हैसा तुम्ही?"

"वस्तादांच्या शेडात. ते समोरच आहेत. देऊ फोन?"

"नको, नको. काय तोंडानं बोलू मी? ...पेढ्याचं बोललो हुतो ना मी?"

"हो."

"शाफ्टाचं सोडा. शाफ्ट गेला तर गेला," मगदूम म्हणाले आणि फोन बंद झाला.

जयकुमारनं डोळे पुसले. आता त्याला जरा मोकळं वाटत होतं, आणि मोकळं वाटलं की माणसाची जुनी सवय परत येते. तो ताठ बसला. आवाजात थोडी धारही आली.

"उद्या सगळ्यांना गोळा करतो, वस्ताद. कारखान्यातली पोरं, ज्यांना ज्यांना मी बोललो ते सगळे. इथंच आणतो, तुमच्या दारात. सगळ्यांसमोर सांगतो, वस्तादांचा हात चुकलाच नव्हता म्हणून."

"कोण म्हणालं चुकला न्हवता?"

"म्हणजे?"

वस्तादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. जाडी मापायचा एक छोटा मायक्रोमीटर बाहेर काढला. वापरून वापरून त्याची पकड गुळगुळीत झाली होती. दर चेल्याला पहिल्या आठवड्यात हे पाठ असतं की शेवटचा कट मनातल्या मापानं घ्यायचा नाही. थोडा घ्यायचा, मशीन थांबवायचं, मापायचं, मग उरलेला घ्यायचा. हे न करणाऱ्या पोरांच्या पाठीत वस्तादांनी आजवर कितीतरी धपाटे घातले होते. जयकुमारच्याही.

"हा त्या दिवशी खिशातच हुता," वस्ताद म्हणाले.

...

"हँडल फिरवताना हाताला कळलं हुतं. म्हटलं, हे जास्त जातंय. कीस बी जाड निघाला. आवाज जड लागला. थांबवायला पाहिजे हुतं. मापायला पाहिजे हुतं."

"मग का नाही थांबलात?"

मायक्रोमीटर त्यांनी तळहातावर उलटा केला, सुलटा केला.

"ह्याच्यावरच्या रेघा मला दिसत न्हाईत, जया. लई दिवस झाले. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं बी तेच चाललंय. दारात उजेडाला जाऊन असं नाकाला लावावं लागतंय, मग जरा कळतंय. घरी कोण बघत न्हाई, म्हणून चालतंय. तिथं तुझी पोरं हुती, फोन धरून. मगदूम हुता. तू हुतास. म्हटलं, आता मी नाकाला लावून उभा राहिलो तर हे काय म्हणतील? ...लाज वाटली."

जयकुमारनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"आणि तुझी ती पेटी," वस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "एवढे मोठे आकडे. लाल. लांबनं दिसले मला. किती वर्सांनी मला आकडा दिसला रं. इतकं बरं वाटलं... हात सांगत हुता जास्त जातंय, पण म्हटलं, आकडा दिसतोय की स्वच्छ. मी आकड्याचं ऐकलं."

"पण आकडा मी चुकीचा ठेवला होता."

"ठेवला हुतास की. ती तुझी चूक. ती सांग, सगळ्यांना सांग, सांगाय पाहिजेच. पण माझी उचलून नेऊ नकोस. माझी हाय ती."

"वस्ताद, तुमचं कुणाला कळायचंही कारण नाही..."

"महिनाभर तू हेच म्हणत बसलातास न्हवं?"

जयकुमारनं परत मान खाली घातली. दुसऱ्याला सोडवायला निघालेला माणूस असा अर्ध्या वाटेत धरला गेला की फार केविलवाणा दिसतो. त्याची सगळी ऐट आता चहाच्या कपाशेजारी गार होऊन पडली होती.

वस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत उठले. लेथपाशी गेले आणि गोणपाट ओढून काढला. धुळीनं दोघांनाही खोकला आला.

"पट्टा चढव," ते म्हणाले.

"कसला?"

"मोटरचा. आणि ड्रिल आणलास न्हवं? पाड भोकं."

"सोमवारचा टेम्पो?"

"येऊ दे. च्या पिऊन जाईल."

जयकुमारनं आजवर बऱ्याच लेथना भोकं पाडली होती. खूण करायची, ड्रिल लावायचं, आटे पाडायचे, बोल्ट आवळायचे. शीळ घालत करायचं काम. पण या लेथच्या मागच्या अंगाला खूण करताना हातोडी दोनदा त्याच्या बोटावर बसली. वस्तादांनी काही न बोलता त्याचं मनगट खालून धरलं. तो पहिल्यांदा शिकायला आला तेव्हा ते असंच धरायचे. जयकुमारला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. लपवायला आता त्याच्याकडं फारसं काही उरलं नव्हतं.

पट्टी बसली. डोकं बसलं. पेटी त्यानं वस्तादांच्या डोळ्यांसमोर येईल अशी उंचावर लावली. बटण दाबताच लाल आकडे उजळले.

एव्हाना उन्हं उतरली होती. दारातून आलेला उजेड लोखंड पकडणाऱ्या चकापर्यंत पोचत होता.

जयकुमार पेटीपुढं उभा राहिला. नवी पेटी कारखान्यातून टूलवरच लावलेली येते. ती जाडीवर आणायची म्हणून त्यानं त्या बटणाकडं बोट नेलं. या वेळी आधी नीट बघून, खात्री करून.

वस्तादांनी त्याचं बोट धरलं.

"असू दे तसंच."

"वस्ताद, जेवढं उतरेल त्याच्या निम्मंच दाखवेल हे."

"दाखवू दे. निम्मं मी करीन, आणि मापीन बी."

"मग तुम्ही आकडा बघून..."

"चकात एक तुकडा बांध."

कोपऱ्यातला लोखंडी तुकडा जयकुमारनं चकात बांधला. वस्तादांनी मोटरचं बटण दाबलं. महिनाभर गप्प असलेला लेथ आधी कुरकुरला, मग एका सुरात फिरू लागला. वस्तादांनी हँडलवर हात ठेवला. पेटीकडं एकदा बघितलं आणि टूल आत घेतलं.

चाची आवाज ऐकून दारापर्यंत आल्या आणि काही न विचारता पदर तोंडाला लावून परत गेल्या.

थोडा कट झाल्यावर वस्तादांनी मशीन थांबवलं. अजून थोडं उतरवायचं राहिलं होतं. त्यांनी मायक्रोमीटर काढला, तुकड्यावर लावला, अलगद आवळला. मग तो काढून दारात गेले. उजेडाकडं तोंड केलं. मायक्रोमीटर नाकाला टेकेल इतका जवळ आणला. एक डोळा मिटला. दुसरा इतका बारीक केला की सगळा चेहरा त्या डोळ्याभोवती गोळा झाला. माप डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं, परत जवळ आणलं. ओठ हलत होते. रेघ सापडत नव्हती.

घरामागच्या रस्त्यावरून दोघं सायकल ढकलत चालले होते. त्यांनी बघितलं.

जयकुमारला ते बघवेना. ज्या माणसानं आपल्याला शिकवलं, त्याला असं चाचपडताना आपण बघू नये, निदान एवढा तरी मान ठेवावा, असं वाटून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"जया," वस्ताद दारातून म्हणाले. डोळा अजून मापालाच लावलेला होता. "तोंड फिरवू नकोस. इकडं बघत ऱ्हा... मला सवय हुंदे."